सूर्याच्या वाऱ्यापलीकडे गेलेली भैरवी

 कामं आवरून बसलेल्यांना नमस्कार, आणि भाकरी थापता थापता ऐकणाऱ्यांनाही नमस्कार.

आज गाण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही शास्त्रीय गाण्याबद्दल. शास्त्रीय म्हटलं की आपल्यातल्या पुष्कळजणी रेडिओचा कान पिळतात. ‘आऽऽ’ सुरू झालं की दुसरं स्टेशन. आज मात्र जरा थांबा. मी ज्या गाण्याबद्दल सांगणार आहे ते फक्त साडेतीन मिनिटांचं आहे. ते गायलं आहे आपल्याच शेजारच्या गोव्यातल्या, केरी नावाच्या खेड्यात जन्मलेल्या एका बाईनं. आणि ते गाणं या घडीला पृथ्वीपासून दोन हजार कोटी किलोमीटरपेक्षाही लांब आहे.

थट्टा नाही करत. १९७७ साली अमेरिकेनं दोन यानं आकाशात सोडली. त्यांचं नाव व्हॉयेजर. आधी २० ऑगस्टला दुसरं यान सुटलं आणि मग ५ सप्टेंबरला पहिलं. गुरू, शनी असे मोठे ग्रह जवळून बघायचे आणि मग तसंच पुढं पुढं जात राहायचं. ही यानं परत येणार नव्हती. म्हणून कार्ल सेगन नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की त्यांच्याबरोबर आपली काही निशाणी पाठवायची. लांब कुठं कुणी असलंच, आणि त्यांच्या हाती हे यान लागलंच, तर त्यांना कळावं की पृथ्वी नावाच्या जागी अशी अशी माणसं राहत होती.

त्यांनी तांब्याची एक तबकडी केली. १२ इंची, वर सोन्याचा मुलामा. पूर्वी लग्नाच्या मांडवात भोंग्यावर रेकॉर्डी वाजायच्या ना, तशीच. तिच्यात पावसाचा आवाज आहे, विजेचा कडकडाट आहे, तान्ह्या बाळाचं रडणं आहे. ५५ भाषांमधून ‘नमस्कार’ आहे, आणि त्यात आपल्या मराठीतलाही आहे. बाकी सुमारे दीड तास नुसतं संगीत. सगळ्या जगातून निवडलेले २७ तुकडे.

त्या २७ मध्ये भारतातला तुकडा एकच. केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी, ‘जात कहाँ हो’.

आता भैरवी म्हणजे काय, ते आपल्याला वाटतं तेवढं अनोळखी नाही. गावातल्या भजनी मंडळात शेवटी काय होतं? भैरवी होते. ती सुरू झाली की मागे बसलेल्या बायका हळूच चपला शोधायला लागतात, कारण आता उठायचं असतं. मोठमोठ्या मैफलींतही तोच रिवाज. भैरवी खरं तर सकाळचा राग, पण तो गातात शेवटी. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी बघावं. सा, म आणि प हे सूर जागेवर असतात. रे, ग, ध आणि नी हे चार मात्र थोडे खाली उतरलेले, म्हणजे कोमल असतात. सात सुरांतले चार असे झुकलेले असले की गाण्याला एक ओलेपणा येतो. पण नुसते सूर उतरवले म्हणून कुणाला रडू येत नाही. त्या सुरांना आपण निरोपाची सवय लावली आहे. इतकी वर्षं शेवटी तेच ऐकलं, म्हणून ते ऐकताना निघायची वेळ झाल्यासारखं वाटतं. मला वाटतं, भैरवीनं गळा दाटतो त्यात निम्मा भाग रागाचा आणि निम्मा आपल्या सवयीचा.

निरोपाचं आणि भैरवीचं नातं किती घट्ट आहे, याची एक गोष्ट सांगते. लखनौला वाजिद अली शाह नावाचा नवाब होता. गाण्याचा, नाचाचा फार शौकीन. १८५६ साली इंग्रजांनी त्याचं राज्य काढून घेतलं आणि त्याला कलकत्त्याला जावं लागलं. राज्य गेलं, शहर सुटलं, लखनौ पुन्हा दिसलं नाही. भैरवीतली एक फार गाजलेली ठुमरी, ‘बाबुल मोरा’, ही त्याचीच रचना मानतात. पुढं १९३८ साली ‘स्ट्रीट सिंगर’ सिनेमात कुंदनलाल सैगलांनी ती गायली आणि ती घरोघरी पोचली. तर या ठुमरीत राज्याचं नाव नाही, फौजेचं नाही, इंग्रजांचंही नाही. त्यात आहे सासरी निघालेली मुलगी. माहेर मागे पडतंय, बापाचं घर सुटतंय, एवढंच.

बघा बरं. एका राजाला आपलं सगळ्यात मोठं दुःख सांगायचं होतं, तर त्यानं ते मुलीच्या तोंडून सांगितलं. पाठवणीच्या वेळी गावोगावच्या बायका जे गात आल्या, तेच त्याला उसनं घ्यावं लागलं. आपण आपल्या गाण्यांना ‘बायकांची गाणी’ म्हणून बाजूला सारतो ना, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता केसरबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म १३ जुलै १८९२ चा. फोंडा तालुक्यातलं केरी हे गाव, त्यावरून केरकर. त्या काळात गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. देवळांच्या सेवेत काही घराणी असायची. त्या घरांतल्या मुलींनी देवापुढं गायचं, नाचायचं. त्यांचं लग्न रीतसर व्हायचं नाही, एखाद्या श्रीमंत यजमानाच्या आश्रयानं त्या राहायच्या. कलावंतीण म्हणायचे त्यांना. सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या जोगतिणी ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना यातलं दुःख फोडून सांगायला नको. गोव्याची रीत वेगळी होती, गाण्याचं शिक्षण फार वरच्या दर्जाचं होतं, पण गावाच्या नजरेत त्या बायकांची जागा ठरलेली होती. देवळात त्यांच्या गाण्यावाचून उत्सव व्हायचा नाही आणि पंगतीत मात्र त्यांना बरोबरीनं पाट मिळायचा नाही.

केसरबाई अशा घरातल्या. सात-आठ वर्षांच्या असताना त्यांना कोल्हापूरला नेलं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकवलं. मग परत गोवा, तिथं रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे. पुढं सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबई. तिथं बरकतुल्ला खाँ नावाचे सतारिये होते, त्यांच्याकडे शिकल्या, थोडे दिवस भास्करबुवा बखल्यांकडे शिकल्या. एक गुरू पुरता मिळेना. कुणी गाव सोडून जायचे, कुणाचं शिकवणं मध्येच थांबायचं. एखाद्या मुलीची शाळा दरवर्षी बदलली तर तिचं जे होतं, तसंच.

१९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला. खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष. केसरबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मुंबईत त्यांचं नाव होऊ लागलं होतं. त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज कसा लावायचा, श्वास कुठं घ्यायचा, इथपासून. पुढं पंचवीस वर्षं, म्हणजे १९४६ साली खाँसाहेब गेले तोवर, ते शिकणं काही सुटलं नाही. तिशीच्या उंबरठ्यावर पाटी-पेन्सिल हातात धरायला काय लागतं, हे प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला बसलेल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

या घराण्याचं गाणं सोपं नाही. लांब श्वास, सहसा कुणी न गायलेले राग, एकात एक गुंतलेल्या तानांचे पेच. केसरबाईंचे ललितागौरी, नटकामोद हे राग जाणकार अजून काढून काढून ऐकतात. खरं सांगायचं तर त्यांची सगळी कसोटी त्या मोठ्या रागांत लागते. भैरवी ही शेवटची, हात धुताना खाल्लेल्या बडीशेपेसारखी. आणि तरी जगाबाहेर गेली ती बडीशेपच.

त्याचं एक कारण रेकॉर्ड. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. जो राग बाई तासभर गायच्या तो तेवढ्यात कसा मावणार? भैरवीतली छोटी चीज मात्र मावते. रेकॉर्डचा इतिहासही बायकांचाच आहे, हे जाता जाता सांगते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून आपल्याकडे या धंद्याला जोर आला. मोठे उस्ताद यंत्रापुढं गायला कचरत होते. घरंदाज म्हणवणाऱ्या बायकांना तर मनाईच होती. पुढं झाल्या त्या गाण्यावर पोट असलेल्या बायका. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर गावी बनायच्या. तिथल्या कामगारांना वर कुणाचं नाव छापायचं ते कळावं, म्हणून गाणं संपलं की गाणारी बाई स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची. ज्यांना गावात कुणी धड नावानं हाक मारत नव्हतं, त्यांचं नाव असं तबकडीवर कायमचं उमटलं.

मान मिळवायला मात्र नुसतं नाव पुरत नसे. हुबळीच्या गंगूबाई हनगलांनी सांगून ठेवलं आहे. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते. अकरा वर्षांच्या गंगूनं तिथं स्वागतगीत गायलं. त्या पोरीला गाण्याची भीती वाटली नाही. भीती ही वाटली की जेवणं झाल्यावर आपल्याला उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगतील. गाणं सगळ्यांना हवं होतं, गाणारी कुणाला नको होती.

केसरबाईंनी यावर आपला तोडगा काढला. त्या कुणापुढं वाकल्याच नाहीत. बिदागी ठरवतील तीच, त्यात घासाघीस नाही. समोरच्यांचं लक्ष नसेल तर तिथल्या तिथं सुनावायच्या. रेकॉर्डही मनात येईल तेव्हाच. लोक त्यांना तिखट म्हणायचे, गर्विष्ठही म्हणायचे. मला त्यात गर्वापेक्षा हिशेब जास्त दिसतो. जिला जन्मानं मान मिळाला नाही, तिनं तो आधी मोजून घ्यायचा आणि मग तंबोरा लावायचा. स्वतःच्या मुलीला त्यांनी डॉक्टर केलं. शिष्या म्हणून एकीलाच हाताशी धरलं, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींना. रवींद्रनाथ टागोरांनी त्यांच्या गाण्याला दाद दिली, कलकत्त्याच्या रसिकांनी ‘सूरश्री’ म्हटलं, १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६९ साली पद्मभूषण मिळालं. आणि सत्तरीच्या आसपास, आवाज थकतोय असं कुणी म्हणायच्या आत, १९६४ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणं थांबवलं.

मग तबकडीचं काम सुरू झालं तेव्हा भारतातलं काय घ्यायचं हा प्रश्न आला. रॉबर्ट ब्राउन नावाचे अमेरिकन अभ्यासक होते, आपलं संगीत शिकलेले. त्यांनी केसरबाईंचं हेच गाणं सुचवलं आणि त्यावर ते अडून बसले. पण रेकॉर्ड मिळेना. छपाई कधीच बंद झाली होती. शेवटी न्यूयॉर्क शहरात एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, तिथं एका टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. टेबलावर कापड टाकलेलं होतं, त्यामुळं खालचं खोकं सहज दिसतही नव्हतं. माळ्यावरच्या ट्रंकेत आजीचा दागिना सापडावा तसंच झालं.

आता त्या तबकडीवरचा शेवटचा भाग ऐका, कारण मला तो फार आवडतो. केसरबाईंच्या गाण्यानंतर तिथं फक्त दोनच तुकडे आहेत.

त्यांच्या लगेच मागे येतो ब्लाइंड विली जॉन्सन. अमेरिकेच्या टेक्सास भागातला काळा माणूस, लहानपणीच दृष्टी गेलेला. रस्त्यावर उभा राहून देवाची गाणी म्हणायचा आणि लोक देतील त्यावर जगायचा. १९२७ सालचं त्याचं ते गाणं शास्त्रीय वगैरे नाही. त्यात शब्दच नाहीत. गिटारीवर एक तार रडते आणि तो नुसता गुणगुणतो. जात्यावर बसलेली बाई ओवी संपली तरी गुणगुणत राहते, शब्द नसले तरी घरातल्यांना कळतं की आज हिचं काहीतरी दुखतंय. तसंच ते आहे. गरिबीतच तो १९४५ साली गेला.

आणि सगळ्यात शेवटी बीथोव्हेन. जर्मनीतला, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांपैकी एक. दोन व्हायोलिन, त्याहून थोडं मोठं एक वाद्य आणि एक चेलो, अशा चार वाद्यांसाठी त्यानं १८२५ साली जे संगीत लिहिलं, त्यातला हा भाग. त्याला म्हणतात कावातिना. तोवर त्याला ऐकू येणं बंद झालं होतं. म्हणजे हे संगीत त्याच्या कानांनी कधीच ऐकलं नाही, ते डोक्यात वाजलं आणि कागदावर उतरलं. त्याचा एक सोबती होता, कार्ल होल्त्स. त्यानं सांगितलं आहे की हे लिहिताना बीथोव्हेन रडत होता आणि स्वतःच्या दुसऱ्या कुठल्याच रचनेनं त्याला इतकं हलवलं नव्हतं. मध्ये एके ठिकाणी त्यानं वाजवणाऱ्यासाठी कागदावर एक शब्द लिहून ठेवला आहे, ‘बेक्लेम्ट’. म्हणजे छातीवर ओझं आल्यासारखं, घुसमटल्यासारखं. तिथं बाकीची वाद्यं एकसारखी हळू चालत राहतात आणि एकटं व्हायोलिन अडखळत, तुटत तुटत वाजतं. बोलायला जावं आणि आवंढा यावा, अगदी तसं.

इथं एक गंमत आहे. वाजवणाऱ्याला ते अडखळणं नेमकं वाजवावं लागतं. त्याचा हात खरोखर थरथरला तर सगळं बिघडेल. मुलीच्या पाठवणीला हे दिसतं. सगळ्या रडत असतात, पण गाणं धरून ठेवणारी एक मावशी किंवा आत्या असते, ती रडत नाही. ती रडली तर गाणं थांबेल. तिचा सूर स्थिर असतो म्हणून बाकीच्यांना मोकळं रडता येतं. केसरबाईंचा आवाज त्या मावशीसारखा आहे. भरदार, सरळ, कुठंही हुंदका न देणारा. हल्ली टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धांत गाणारेच आधी डोळे पुसतात. तिथं मला काही होत नाही. या बाईंच्या कोरड्या डोळ्यांच्या भैरवीला मात्र होतं.

आणि त्या गाण्यात विचारलं काय आहे? एकट्या निघालेल्या मुलीला कुणीतरी विचारतंय की तू कुठं निघालीस. बस्स, इतकंच. हा प्रश्न आपल्यातल्या कुणाला विचारला गेला नाही? एसटीच्या थांब्यावर उभं राहिलं की विचारतात. बँकेत निघालं, बचत गटाच्या मीटिंगला निघालं, माहेरी निघालं, की पारावरून कुणीतरी विचारतंच. कधी त्यात काळजी असते, कधी चौकशी, कधी नुसती अडवणूक. केसरबाईंच्या गाण्यात तेच दोन-चार शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा रंग पालटतो. एकदा विचारणं वाटतं, एकदा विनवणं, एकदा तर वाटतं की बाई स्वतःलाच विचारतायत.

पहिलं यान सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई मुंबईत वारल्या. पंच्याऐंशी वर्षांचं वय होतं. केरीला त्यांचं घर होतं त्या जागी आता त्यांच्या नावाची शाळा आहे, आणि गोव्यात दरवर्षी त्यांच्या नावानं संगीत समारोह होतो. ज्या गावानं एकेकाळी तिथल्या गाणाऱ्या बायकांना पंगतीबाहेर ठेवलं, त्या गावातली पोरं आता त्यांच्या नावाचं दप्तर घेऊन शाळेत जातात.

यान काही थांबलं नाही. २०१२ साली पहिलं व्हॉयेजर सूर्याच्या वाऱ्याच्या टापूतून बाहेर पडलं, २०१८ साली दुसरंही पडलं. पहिलं यान आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर पळतंय. मी हे वाक्य बोलेस्तोवर आपल्या गावापासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोचलं असेल.

आता मी थांबते आणि ते गाणं लावते. एकदा लावीन, मग पुन्हा एकदा लावीन. पहिल्या वेळी भाषा कळली नाही तरी चालेल, अर्थ तर आत्ता सांगितलाच. दुसऱ्या वेळी शब्द सोडा आणि आवाज कुठं वळतो तेवढं धरा. साडेतीन मिनिटं आहेत. दूध वर ठेवलं असेल तर गॅस बंद करून या.